नदीचा पडदा

तिला आधी ते आवडलं. हीच तर खरी बोंब होती. स्टेजच्या बाजूच्या दारातून ती आत आली, चपला हातात, कारण फरशी नुकतीच पुसली होती, आणि समोर सगळं पांढरं. वरपासून खालपर्यंत, या विंगेपासून त्या विंगेपर्यंत. डाग नाही, रेघ नाही. जणू कोणी नाटकगृहाची मागची भिंतच उचलून नेली होती आणि पलीकडे नुसता उजेड भरून ठेवला होता. छातीत काहीतरी एकदम हलकं झालं. वा, असं ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली की मनात, ते तिला नंतर आठवेना, आणि संध्याकाळभर ती तेच आठवत राहिली. मग पुढं होऊन तिनं बोट लावलं. कापड होतं. बोट पांढरं झालं. खालच्या कडेला, कापडात लाकडी दांडा शिवलेला असतो तिथं, रोलर नीट पोचला नव्हता. तिथं वीतभर जागेत एक निळा, करडा, हिरवट असा गढूळ पट्टा उरला होता. तो पट्टा तिनं अंधारात, तापात, कुठंही ओळखला असता. ती नदी होती. नदीचा अगदी अलीकडचा काठ. आईनं रंगवलेला.

आणि त्या नदीच्या जिवावर तर हा सगळा खटाटोप. नाटकगृह म्हातारं झालं होतं, छप्पर गळत होतं, मागची रंगशाळा, जिथं नाटकांचे पडदे रंगवले जायचे, तिला कुलूप लागायची वेळ आली होती. तेव्हा ऐपतवाली माणसं एका संध्याकाळी गोळा करायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं, कलेबद्दल चार गोड शब्द ऐकवायचे आणि खिसे हलके करायचे, असा बेत. कमिटीनं तिला अध्यक्ष केलं कारण तिला ओरडता येतं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण तिला काय कळत नव्हतं? थीम तिचीच. पांढरं. पाहुण्यांचे कपडे पांढरे, फुलं पांढरी, टेबलं, बशा, खुर्च्यांचे अभ्रे, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं, आणि सगळ्यात शेवटी दर्शनी पडदा बाजूला सरकायचा आणि मागं नदी उभी. पूल, पलीकडच्या काठावरचं घर, त्या घराची एकच पेटलेली खिडकी. एवढ्या पांढऱ्यात एवढाच रंग. बघणाऱ्याच्या पोटात कालवलंच पाहिजे. कल्पना चांगली होती हो. खरंच चांगली होती. पुढच्या रांगेत मधोमध आई बसणार, जिनं आयुष्यभर पडदे रंगवले आणि त्यांतला हा एकच आता उरला होता. बाकीचे कधीच फाटले, कुजले, काय काय झाकायला गेले.

"हे काय केलंत?" तिनं विचारलं.

सजावटवाला शिडीवरून उतरला. जाडा, गोडबोल्या माणूस. लग्नं सजवून सजवून त्याला जगात काही वाईट दिसायचंच बंद झालं होतं. "काय फर्स्टक्लास दिसतंय ना, मॅडम? पोरांनी सकाळपासून जीव काढलाय."

"तो पडदा होता."

"होता ना. पार जुनाट. मी म्हटलं होतं तुम्हाला फोनवर."

"मला?"

"मी विचारलं, मॅडम, मागं तो चित्राचा पडदा लोंबतोय, त्याचं काय करू. तुम्ही म्हणालात, सगळं पांढरं म्हणजे सगळं पांढरं, दर गोष्ट मलाच विचारायची तर तुम्हाला नेमलंय कशाला." तो हसला. त्याला वाटलं आपण तिचं कौतुकच सांगतोय.

म्हणाली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती तेव्हा कारमध्ये होती, दुसऱ्या कानाला फुलवाला होता, तो पिवळसर फुलं पांढरी म्हणून खपवत होता आणि ती त्याच्यावर खेकसत होती, आणि मधेच या गोडबोल्याचा आवाज. पडदा हा शब्द तिनं ऐकला होता. चित्राचा हा शब्दही. आता तिथं उभं राहून तिला तो अगदी स्वच्छ ऐकू येत होता, मग तेव्हा तो कानातून कुठं गेला? माणूस रागात असला की ऐकत नाही, असं म्हणतात. पण ती रोजच रागात असायची आणि ऐकायची. तिनं मान झटकली. आता उकरत बसायची ही वेळ नव्हती. आत्ता दुपार उतरत होती, सातला पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या आधी दादा आईला घेऊन येणार होता.

"पुसा," ती म्हणाली. "काहीही करा. पाणी मारा, स्पंज मारा."

"कसं पुसणार, मॅडम? प्लास्टिक पेंट आहे. भिंतीवरचा निघतो का कधी?"

कमिटीची सेक्रेटरी तेवढ्यात आली. काडीसारखी बाई, सदा कुजबुजत बोलायची, जणू पलीकडच्या खोलीत कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. तिनं पडद्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग परत पडद्याकडे, आणि आधी तोंडावर हात ठेवला आणि मग, हात तसाच असताना, हिशोबी डोळ्यांनी विचार करायला लागली. "अगं बाई. कार्डावर छापलाय ना आपण तो. त्याचा फोटो आहे की. मोठा आहे, चांगला काढलेला."

"मग?"

"मग तो टाकायचा यावर," सजावटवाल्यानं वाक्य उचललं. "प्रोजेक्टरचं मशीन आहे माझ्याकडे. असं कापड तर सोन्यासारखं त्याला. समोरून बघणाऱ्याला सांगूनही पटायचं नाही."

"तिला कळेल."

"कुणाला?"

"आईला."

सेक्रेटरी जवळ सरकली. तिच्या अंगाला मोगऱ्यासारखा साबणाचा वास येत होता. "एका डोळ्याचं झालंय ना त्यांचं ऑपरेशन? दुसऱ्याचं बाकी आहे म्हणालीस. एवढ्या लांबून? आणि उद्या सांग ना सावकाश. घरी, चहा देऊन. आज तीनशे माणसांपुढं म्हातारीला रडवायचंय का तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची." ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. सजावटवाला मशीन आणायला गेलासुद्धा.

ती विंगेत एका ट्रंकेवर बसली. इथं अजून सरसाचा वास होता, की तिलाच येत होता कोण जाणे. सरस म्हणजे जनावरांच्या कातडीहाडांचा डिंक, तो मंद आचेवर शिजवायचा आणि त्यात रंगाची पूड कालवायची. आई घरी आली की तो वास आधी यायचा आणि आई मागून. केसांत, नखांत, ताटात. वर्गातल्या पोरी हिच्यापासून एक बाक सोडून बसायच्या. तुझी आई काय मेलेली घोडी शिजवते का गं, असं एकीनं विचारलं होतं, तिचं नाक हिनं फोडलं होतं, आणि मग आईला शाळेत बोलावलं तर आई तशीच आली, रंगशाळेतून थेट, अनवाणी, घोट्यापर्यंत निळी. पडदा जमिनीवर पसरून रंगवतात. कापडावर चालत चालत, लांब दांड्याच्या ब्रशनं, झाडू मारल्यासारखं. शाळेच्या फरशीवर आईची निळी पावलं उमटली आणि शिपाई फडकं घेऊन मागं मागं. घरी जाताना आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग मानेवर, मग पाठीवर, आणि नव्या पांढऱ्या फ्रॉकवर तो हात तसाच राहिला, पाच बोटांसकट. धुतला, उकळला, गेला नाही. आता सगळ्यांना वाटेल की म्हणूनच ही बाई आयुष्यभर पांढऱ्याच्या मागं लागली. तसं काही नसतं. माणसाला पांढरं आवडतं म्हणून आवडतं. तिला स्वतःचाच राग आला, की या घटकेलाही ती स्वतःची वकिली करत बसलीय. आणि वकिली तरी कसली, एकदम पक्की केस होती तिच्याकडे. नदीच्या खाली राजवाडा होता. आईच्या गुरूनं रंगवलेला, खांबांचा, झुंबरांचा. कापड महाग, म्हणून जुन्या पडद्यावर पांढरा मारून नवा करायचा, हीच पद्धत होती त्यांची. गुरू गेल्यावर महिन्याभरात आईनं तो राजवाडा आपल्या हातानं पांढरा केला. ही कडेला बसून बघत होती. आईच्या डोळ्यांत टिपूस नाही. उलट गुणगुणत होती. झुंबर गेलं, खांब गेले. तुला वाईट नाही वाटत, असं हिनं विचारलं तर आई म्हणाली, वाईट वाटून घेतलं तर नदी कुठं काढू? मग! तूच केलंस ना? मग मी काय तुझं घोडं मारलं? हे वाक्य तिनं मनात दोनदा-तीनदा घासून बघितलं. दर वेळी ते शेवटाला येऊन अडकायचं. कारण आईनं पांढरा मारला तो नदी काढायला. हिनं मारला तो तिथं पांढरं दिसावं म्हणून.

मशीन लागलं. नदी पडद्यावर आली. आधी वाकडी, मग सरळ, मग थोडी लहान केली आणि बरोब्बर कडांना कडा लागल्या. सगळं होतं. पूल, घर, खिडकी. सजावटवाल्याची पोरं शिट्ट्या मारायला लागली. ती हॉलमध्ये उतरून पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत जाऊन बसली आणि एक डोळा मिटून बघितलं. खरी वाटत होती. खरीपेक्षा चांगली, कारण उजेड आतून येत होता. हेच वाईट होतं. खरी नदी मळकट होती, मधे एक आडवी शिवण होती, आणि जवळ गेलं की नुसते फराटे. लहानपणी तिला ती नदी कधी दिसलीच नाही, कायम कापडाच्या कडेला बसलेली असायची ना. नुसते डाग. मग नाटकाच्या दिवशी इथंच, मागच्या बाकावर, आईनं तिला काखेत धरून उभं केलं आणि पाणी वाहायला लागलं. तिला भीती वाटली होती. ती आईला घट्ट धरून म्हणाली होती, आपण बुडू.

आई आली ती हिरवा स्वेटर घालून. कच्च्या कैरीसारखा, लांबून डोळ्यांत जाणारा हिरवा. मागं दादा, पांढऱ्या कोटात, आपला काहीच दोष नाही असा चेहरा करून.

"आई, पांढरं घालायचं होतं ना," ती म्हणाली, पण नेहमीची धार आवाजाला नव्हती.

"पांढरं म्हणजे रंग द्यायच्या आधीचं कापड," आई म्हणाली. "ते काय अंगावर घालून मिरवायचं? आणि ही सगळी माणसं कोण? दवाखान्यातून पळून आल्यासारखी."

दादा हसला. घरात तिला सगळे मधलीच म्हणायचे. "गाडीत पण हेच. मी म्हटलं, आई, निदान आज तरी मधलीशी भांडू नको."

"मी कुठं भांडते. तीच भांडते. काय गं मधले?"

"बस ना आई. पाणी आणू? चहा? पाय वर घेतेस? मागं उशी देऊ?"

आईनं तिच्याकडे बघितलं. चांगला डोळा आधी, मग दुसरा, दुधट, जरा मागाहून येणारा. तेव्हा सांगता आलं असतं. दादा कोट टांगायला गेला होता, दोघीच होत्या. आई, एक गोष्ट झालीय. एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप आलं असतं, उलटीसारखं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "दिवे डोळ्यांवर येत नाहीत ना?" मग पाहुणे यायला लागले, आणि प्रत्येक जण आईपुढं वाकून, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलून जायचा, आणि आई प्रत्येकाला म्हणायची, मला ऐकू येतं हो, दिसत नाही. ती टेबलांमधून फिरत राहिली, हसत राहिली. गालाचे स्नायू दुखायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला हिरवा ठिपका दिसायचा. कुठंही गेली तरी दिसायचा. तिनं ठरवलं की सूप संपलं की सांगायचं. मग ठरवलं की भाषण झालं की. भाषण तिचंच होतं. माईकवर तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला, एखाद्या सभ्य, शांत बाईचा. "ज्यांच्या हातांनी या रंगमंचाला नद्या दिल्या, जंगलं दिली," असं तो आवाज म्हणाला, आणि लोकांनी मान डोलावली, आणि तिला वाटलं आता हा आवाज थांबला तर आपण किंचाळू. सन्मान तिनं खालीच ठेवला होता, खुर्चीपाशी. शाल, फुलं, संपलं. आईनं स्टेजजवळ यायचंच नाही, अशी सगळी आखणी. विंगेतून सेक्रेटरीनं अंगठा दाखवला. दर्शनी पडदा सरकला.

हॉलनं श्वास आत घेतला, तो तिला ऐकू आला. मग टाळ्या. तिनं नदीकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत होती. आईचा चेहरा उजेडात उघडा पडला होता, तोंड किंचित उघडं, लहान पोरासारखं, आणि हिच्या पोटातली गाठ जराशी सैल झाली. फसली. आई फसली. आणि त्या सैल होण्याचीच तिला अशी शिसारी आली की माईक दुसऱ्या हातात घ्यावा लागला. मग आई उठली. दादानं बाही धरली, ती आईनं झटकली. "जवळून बघते," असं ती म्हणाली असणार, कारण ओठ तेवढेच हलले. बाजूच्या पायऱ्या चढली, एकेक, कठड्याला धरून. लोकांच्या टाळ्या वाढल्या. लेक माईक धरून जागच्या जागीच राहिली. आई स्टेज ओलांडून पडद्याकडे गेली, हात पुढं करून, आणि उजेडात शिरली, आणि नदी आईच्या पाठीवर आली. हिरव्या स्वेटरवर पूल वाकडा झाला. आईनं हात वर केला, तर हातावर पाणी, आणि पडद्यावर पाण्याच्या जागी हाताची काळी सावली. आईनं हात खाली घेतला. परत वर केला. मग वळली. आता घर तिच्या कपाळावर होतं आणि पेटलेली खिडकी बरोबर त्या दुधट डोळ्यावर, आणि ती डोळे मिचकावत उजेडाच्या उगमाकडे बघत होती.

"हे मी काढलेलं नाही," आई म्हणाली. माईक नव्हता, पण नाटकगृह तिच्या ओळखीचं होतं, आवाज कुठं फेकायचा ते तिला ठाऊक होतं. "हा फोटो आहे."

लोक हसले. प्रेमानं हसले. काय विनय आहे, असं पहिल्या टेबलावरची कोणी म्हणाली.

"खरं सांगते," आई म्हणाली. आणखी हसले, आणखी टाळ्या. एक जण उभा राहिला, मग सगळे, पांढरेच पांढरे, लाट उठावी तसे. आई तिथं उभी, अंगभर नदी घेऊन, कोणीतरी खरं मानेल म्हणून इकडून तिकडे बघत. मग तिची नजर माईकवाल्या लेकीवर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. नुसता प्रश्न होता, आणि तो सोपा होता, की तू तरी सांग यांना.

"बंद करा," ती म्हणाली. माईकमधून ते सगळ्या हॉलभर गेलं. "मशीन बंद करा ते. ऐकू येत नाही?" नदी गेली. पांढरं उरलं आणि त्याच्यासमोर एक बुटकी हिरवी बाई. टाळ्या जरा अडखळल्या, आणि मग मागून कुठून तरी पुन्हा सुरू झाल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. "टाळ्या वाजवू नका!" ती ओरडली. तो तिचा स्वतःचा आवाज होता, घरातला, फाटका. "ही काही कल्पना नाहीये. तिथं तिची नदी होती. खरी. मी पांढरा मारायला लावला. मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं." विंगेत सेक्रेटरीनं डोळे मिटून घेतले. तीनशे माणसं उभी होती ती तशीच राहिली, बसावं की कसं कळेना त्यांना. कोणाच्या तरी हातातला ग्लास टेबलाला लागून वाजला.

ती स्टेजवर कधी गेली ते तिला कळलं नाही. आई कापडाकडे तोंड करून उभी होती, इतकी जवळ की नाक लागेल, आणि अंगठ्याच्या नखानं एका जागी खरवडत होती. तिला वाटलं आता आई बोलेल, सगळ्यांदेखत, हवं ते बोलेल, आणि तिनं खांदे पुढं घेतले, मार खायच्या तयारीनं, लहानपणी घ्यायची तसे.

"ओरडतेस काय," आई म्हणाली. "माणसं आहेत." नख थांबलं नव्हतं. "कसला आहे? पाण्यातला?"

"प्लास्टिक."

"किती हात दिलेत?"

"दोन."

आईनं नखाखालची पांढरी साल काढून बघितली. तिच्याखालीही पांढरंच. "हं," ती म्हणाली. "म्हणजे गेलं." मग ती वळली. "चल, उतरव मला. चढताना दिसतात पायऱ्या, उतरताना नाही दिसत." तिनं दंड पुढं केला. आईनं तो धरला, आणि धरला म्हणजे नुसता आधाराला नाही, सगळं अंग त्यावर टाकलं, एवढं की तिचा गुडघा वाकला आणि खांद्यातून कळ गेली. एवढीशी बाई, तिला इतकं वजन असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून टाकलं, की कळावं म्हणून, हे तिनं विचारलं नाही. समोरचे सगळे उभेच होते. दोघी एकेक पायरी उतरत राहिल्या, आणि दर पायरीला आई पाय खाली टेकवायची, जमीन आहे ना बघायची, आणि मगच पुढचं वजन सोडायची.